साठेबाजीसाठी एक सभ्य शब्द

पहिल्याच दिवशी त्याने मला स्पष्ट सांगितलं, "मॅडम, कविता-बिविता नकोत. ग्रामर जेवढ्यास तेवढं. मला पैशाचे शब्द द्या."

मी वहीत तारीख घातली आणि मान डोलावली. माझं पोट शिकवण्यांवर चालतं. वडील साताऱ्याकडून इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, मी बेंगळुरूतच जन्मले. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी अशी सवय झाल्यावर चौथी म्हणून स्पॅनिश घेतली. बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत अनुवाद केले. ते काम मशीन करायला लागलं तेव्हा मी बाहेर पडले. म्हणजे मला काढलं. मग घरोघरी जाऊन शिकवायला लागले.

हा माणूस मला मराठी मंडळींच्या एका ग्रुपवरून मिळाला. मूळचा पुण्याचा, इथे येऊन दहा-बारा वर्षं झालेली. स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढून ती विकलेली आणि आता दिवसभर करायला काही नाही. त्याला स्पेनमध्ये समुद्राजवळ घर घ्यायचं होतं आणि वर्षातले सहा महिने तिकडे राहायचं होतं. तोंडावर मी त्याला 'सर' म्हणायचे. मनात तो पहिल्या दिवसापासून 'तो' होता.

त्याचा बंगला आनेकलच्या रस्त्यावर, कुंपणाच्या आतल्या वसाहतीत. फाटकावर एक वयस्कर पहारेकरी असायचा. मी त्याला 'अण्णा' म्हणायचे, तो मला 'मेडम, स्वल्प सही' म्हणून वही पुढे करायचा. आत गेलं की संगमरवरी जेवणाचं टेबल, आठ खुर्च्या आणि त्यातल्या दोनच वापरात. शिकवणीला तो आणि त्याची बायको दोघं बसायची. बायको चाळिशीची, बोलायला कमी. ती मला 'ताई' म्हणायची. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की ती त्याच्यापेक्षा चांगली शिकते आहे आणि ते त्याला कळू नये याची काळजीही घेते आहे.

पैशाचे शब्द मी दिले. खरं सांगायचं तर मलाही ते शब्द आवडतात. स्पॅनिशमध्ये 'काउदाल' म्हणजे संपत्ती आणि 'काउदाल' म्हणजेच नदीतून वाहणारं पाणी. 'आओर्रार' म्हणजे पैसे वाचवणं, पण फार जुन्या काळी त्याचा अर्थ होता गुलामाला मोकळं करणं. मूळ अरबी, 'स्वतंत्र' या अर्थाच्या शब्दावरून आलेला. हे सांगताना मी जरा रंगले होते.

तो टेबलावर थाप मारून म्हणाला, "एक्झॅक्टली! फायनॅन्शियल फ्रीडम! बघ, मी हेच म्हणतो ना नेहमी?"

बायकोने मान हलवली. मी वहीत पुढचा शब्द लिहिला. त्या माणसाच्या कानात गेलेला कुठलाही शब्द पाच मिनिटांत त्याच्याचसारखा दिसायला लागायचा. 'आप्रेथिआर' म्हणजे कदर करणं, असं सांगितलं तर त्याने विचारलं, "म्हणजे भाव वाढणं ना? अॅप्रिशिएट होणं?" तोही अर्थ आहे म्हटल्यावर त्याने पहिला अर्थ लिहिलाच नाही. 'तासार' म्हणजे एखाद्या वस्तूची किंमत ठरवणं. तो शब्द त्याला एका फटक्यात पाठ झाला आणि तो घरातल्या प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून वापरायला लागला.

आमचं पहिलं भांडण 'होर्ड' या इंग्रजी शब्दावरून झालं. मी त्याला सांगत होते की इंग्रजीत साठवण्याचे दोन वेगळे शब्द आहेत. लपवून, दाबून ठेवलं की 'होर्ड', आणि प्रेमाने जपलं की 'ट्रेझर'. स्पॅनिशमध्ये दुसऱ्याच्या वाट्याचं ओढून घेऊन साठवलं तर 'आकापारार'. पण 'आतेसोरार' हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. माणूस सोनंनाणं आतेसोरार करतो आणि अंगी चांगले गुण असतील तर तेही आतेसोरारच करतो.

"आणि मराठीत?" बायकोने विचारलं.

"जपणं, राखणं, साठवणं. वाईट अर्थाने साठेबाजी."

"साठेबाज म्हणजे ते कांद्यावाले," तो म्हणाला. "आपण इन्व्हेस्टर आहोत. मॅडम, ते आकापारार खोडा. आतेसोरार ठेवा. सभ्य आहे."

मी खोडलं. सांगायला लाज वाटते, पण वहीतला तो शब्द मी स्वतःच्या हाताने, त्याच्या पेनने खोडला. महिन्याला आठ तासांचे तो जे देत होता, ते माझ्या घरभाड्याच्या निम्म्याहून जास्त होतं.

मग त्याने मला आपली घड्याळं दाखवली. वरच्या मजल्यावर एक खोली, तिला बोटाच्या ठशाने उघडणारं दार. आत भिंतीभर काचेची कपाटं आणि कपाटांत छोट्या छोट्या डब्या, प्रत्येक डबीत एक घड्याळ, आणि डबी सावकाश स्वतःभोवती फिरते आहे. ही घड्याळं हाताच्या हालचालीवर चालतात, हातात घातली नाहीत की बंद पडतात. म्हणून हात नसतानाही हात आहे असं त्यांना वाटावं, यासाठी विजेवर फिरवत ठेवायची. किती होती ते मी मोजलं नाही. खोलीत कोणी नव्हतं आणि सगळी मिळून बारीक घुरघुर करत फिरत होती.

"यातलं तुम्ही कुठलं घालता?" मी विचारलं.

त्याने मनगट दाखवलं. त्यावर फोनशी जोडलेलं, पावलं मोजणारं रबरी पट्ट्याचं घड्याळ होतं. "ही घालायची नसतात मॅडम. स्क्रॅच पडला की व्हॅल्यू गेली."

मला हसू आलं नाही. शिसारी आली. आणि खाली येऊन मी त्याला 'मी सुंदर वस्तू जपतो' हे वाक्य आतेसोरार वापरून स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं ते शिकवलं.

त्या उन्हाळ्यात पाण्याची बोंब झाली. बोअरवेल आटल्या, टँकर मिळेनासे झाले. माझ्या भाड्याच्या घरात सकाळी पाऊण तास पाणी यायचं. मी बादल्या, पातेली, कुकर, सगळं भरून ठेवायचे आणि केस आठवड्यातून एकदा धुवायचे. त्याच्याकडे मात्र जमिनीखालची टाकी काठोकाठ, मागच्या अंगणात नव्या काळ्या प्लास्टिकच्या तीन टाक्या आणि पोहण्याचा तलाव निळाशार. टँकरवाल्याला त्याने महिन्याभराचे पैसे आधीच देऊन ठेवले होते, दरापेक्षा जास्त. ते टँकर आनेकलकडच्या विहिरींवर भरून यायचे. तिथल्या माणसांचं काय, हा प्रश्न त्याच्या घरात कोणाला पडल्याचं मी ऐकलं नाही.

बंगल्याच्या बाहेरच्या भिंतीला एक नळ होता, गाडी धुण्यासाठीचा. फाटकावरचा अण्णा संध्याकाळी घरी जाताना त्यातून एक कॅन भरून न्यायचा. एका मंगळवारी मी गेले तर नळाला लोखंडी पेटी बसवलेली आणि पेटीला कुलूप.

"अण्णा, हे काय?" मी कन्नडमध्ये विचारलं.

"बीगा," तो म्हणाला. कुलूप. मग खांदे उडवून म्हणाला, "सरी, बिडी." ठीक आहे, जाऊ द्या.

आत गेल्यावर मी विषय काढला. म्हणजे काढायचा प्रयत्न केला. "सर, तो म्हातारा एकच कॅन नेतो."

"आज एक कॅन, उद्या अख्खी कॉलनी," तो म्हणाला. "प्रिन्सिपल आहे मॅडम. आणि आपण पाणी कन्झर्व्ह करतोय."

बायको वहीत मान घालून क्रियापदं लिहीत बसली. मीही 'आज आपण सर्वनामं बघू' असं म्हणाले. ते दोघं आणि मी, तिघंही त्या दिवशी एकाच लायकीचे होतो.

जूनमध्ये घर सापडलं. दक्षिण स्पेनमधलं एक छोटं गाव, पांढऱ्या भिंती, मधोमध चौक, चौकात लिंबाचं झाड. मालकीण पंच्याऐंशीची एक विधवा बाई. तिथल्या एका दलाल बाईमार्फत किंमत ठरली होती, कागद तयार होते, पण म्हातारीने अट घातली की घेणाऱ्याशी स्वतः बोलल्याशिवाय सही करणार नाही, आणि मधे दलाल नको. तिला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून दुभाषी म्हणून मी बसायचं ठरलं. रविवारी दुपारी तीनला, म्हणजे तिच्याकडच्या सकाळी.

त्याने नवा सदरा घातला होता. बायकोने निळी साडी नेसली होती, केसांत मोगरा. लॅपटॉप त्या संगमरवरी टेबलावर ठेवला. समोर पडद्यावर म्हातारी आली. पांढरे आखूड केस, चष्मा, मागे तोच चौक. आवाज खणखणीत आणि बोलणं भरधाव, शब्दांचे शेवट खाऊन टाकणारं. मलाच कान टवकारावे लागले.

तिने विचारलं, मुलं किती? त्याने सांगितलं, एक मुलगा, अमेरिकेत. मी सांगितलं. तिने विचारलं, बागकाम येतं का? बायको पुढे सरकून स्वतःच म्हणाली, "मला येतं. मला लिंबाचं झाड आवडतं." स्पॅनिशमध्ये, एकही चूक न करता. म्हातारी खुलली. झाडाला कधी खत घालायचं, किडीला काय मारायचं ते सांगत सुटली आणि बायको 'सी, सी' करत लिहून घेत होती.

त्याला ते सहन झालं नाही. मध्येच घसा खाकरून त्याने आपलं पाठ केलेलं वाक्य टाकलं. मी सुंदर वस्तू आतेसोरार करतो.

म्हातारी हसली. "आतेसोरार? समुद्रावरच्या चाच्यांसारखं?"

"काय म्हणाली?" त्याने मला विचारलं.

"छान म्हणाल्या," मी म्हणाले. इतके महिने मी हेच करत आले होते.

मग म्हातारीने कॅमेरा फिरवून चौकाचा कोपरा दाखवला. तिथे दगडी कठडा आणि वर लाकडी झाकण होतं. ही पावसाच्या पाण्याची टाकी, आजोबांच्या काळातली, ती म्हणाली. शेजारचं घर आणि हे घर पूर्वी एकच होतं. शेजारी एकटा म्हातारा राहतो. त्याच्या भाज्यांना तो याच टाकीचं पाणी नेतो, मागच्या छोट्या दारातून येऊन. कागदावर हे कुठेही लिहिलेलं नाही. म्हणूनच मला तुमच्याशी बोलायचं होतं. तो जिवंत आहे तोवर ते दार उघडं राहील, एवढा शब्द मला द्या.

मी ते सगळं मराठीत सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला. कॅमेऱ्याकडे बघून मोठं हसू ठेवलं आणि ते हसू तसंच ठेवून मला मराठीत म्हणाला, "हो म्हणून टाका. सही झाली की बघू. कुलूप घालायला किती वेळ लागतो?"

म्हातारी वाट बघत होती. "काय म्हणतात ते?"

'सी' एवढा एकच शब्द बोलायचा होता. त्या आधी मी त्याच्यासाठी शंभर वेळा खोटं गोड केलं होतं, मग हे एकशे एकावं का जड जावं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. धैर्य वगैरे नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू मला दिसत होतं आणि त्या हसण्याची मला इतकी किळस आली की तोंडातून आपोआप सगळं बाहेर पडलं. मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. ते म्हणतात, हो म्हणून टाका. सही झाली की बघू. कुलूप घालायला किती वेळ लागतो.

'कांदादो' म्हणजे कुलूप. तो शब्द आला तशी बायकोने मान वर केली. त्याचं हसू अजून तिथेच होतं.

म्हातारीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ग्रासियास, इहा." आभारी आहे, पोरी. बायकोकडे बघून तिने हात हलवला. आणि पडदा काळा झाला.

"कट झाला का?" तो म्हणाला. "वायफाय बघ गं."

"वायफाय ठीक आहे," बायको म्हणाली. "ताईंनी कुलपाचं सांगितलं."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो उठला. ओरडला नाही, ते त्याला शोभलं नसतं. "मॅडम, तुम्ही कोणासाठी काम करत होतात?"

"तुमच्यासाठीच. म्हणून तुमचंच सांगितलं. माझ्या पदरचं काही घातलं नाही."

"अनप्रोफेशनल," तो म्हणाला. "शेम ऑन यू." आणि जिना चढून वर गेला.

मी वही पर्समध्ये टाकली. बायको टेबलाशी बसून होती, समोर लिंबाच्या झाडाच्या खताची टिपणं. मी 'येते' म्हटलं आणि निघाले.

त्याने ग्रुपवर माझ्याबद्दल लिहिलं. दोन शिकवण्या गेल्या, एक नवीन आली. त्या म्हातारीने घर त्याला दिलं नाही. पुढे त्याने तिकडेच दुसऱ्या शहरात, समुद्रासमोरच्या उंच इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतल्याचं कळलं. तिथे शेजारी नाहीत, असले तरी दिसत नाहीत, आणि सगळे इंग्रजी बोलतात. त्याला अगदी साजेसं.

मी मात्र ही गोष्ट महिनोन्‌महिने सांगत फिरले. मैत्रिणींना, बहिणीला, नव्या विद्यार्थ्यांना. प्रत्येक वेळी त्याचं हसू थोडं आणखी बावळट करायचे आणि माझं वाक्य थोडं आणखी ठसठशीत. लोक टाळ्या द्यायचे.

मग दिवाळीच्या आधी मी चिकपेटला गेले होते, भाचीच्या लग्नासाठी साड्या बघायला. माडीवरच्या दुकानात गादीवर बसले होते आणि शेजारी येऊन कोणी बसलं. ती होती. बायको. दुकानदार तिच्यासमोर रेशमी साड्यांचे ढीग टाकत होता.

"ताई, कशा आहात?"

मी बरी आहे म्हटलं. थोडा वेळ आम्ही दोघी एकाच साडीचा पदर बघत बसलो.

"मला ते घर हवं होतं," ती म्हणाली.

"त्यांनी कुलूप लावलं असतं."

"मी लावू दिलं नसतं."

मला राग आला. "इथे त्या नळाला लावू दिलंत की. अण्णाच्या."

दुकानदाराने आणखी एक साडी उलगडली, तिने हाताने नको म्हटलं. मग ती म्हणाली, "तो त्यांचा नळ होता. इथलं सगळं त्यांचंच आहे. ते घर माझ्या नावावर होणार होतं. टॅक्ससाठी. पण माझ्या नावावर."

"मग त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत? तुम्हाला येत होतं."

"बोलणारच होते," ती म्हणाली. "तुम्ही आधी बोललात."

तिने एक साडी बाजूला काढली, बांधायला सांगितली, मला 'चला' म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिचं खरं होतं का, मला माहीत नाही. कदाचित ती नंतर जुळवलेली गोष्ट असेल, जशी माझी मी जुळवत होते. सहा महिने तिने त्या घरात त्याच्याविरुद्ध तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. पण त्या रविवारी ती लिंबाच्या झाडाबद्दल बोलली होती, तेही खरंच होतं, आणि ते मी माझ्या गोष्टीत कधीच सांगितलं नव्हतं. त्याने गोष्ट बिघडली असती.

दलाल बाईला मी एक इमेल केलं. घराचं काय झालं, एवढंच विचारलं. तिचं उत्तर आलं की घर गावातल्याच एका शाळामास्तरणीने घेतलं, कमी किमतीत. ते मी तिला, बायकोला, कळवावं की नाही यावर दोन दिवस घालवले. शेवटी कळवलं. मेसेज वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही.

आता ही गोष्ट मी फारशी सांगत नाही. सांगायला घेतली की साड्यांच्या त्या दुकानातलं तिचं वाक्य मध्ये येतं आणि माझी जीभ अडखळते. तिच्याबद्दल काय वाटून घ्यायचं ते मला ठरवता आलेलं नाही. स्वतःबद्दलही फार बरं वाटत नाही. त्याच्याबद्दलचा तिटकारा मात्र जसाच्या तसा आहे, आणि तो कमी करायचं मला तरी काही कारण दिसत नाही.